भुयारात उतरलेला मधाचा दोर

मित्रांनो, जरा हात लावून बघा मला. खरखरीत लागतोय ना? लागणारच! घायपाताचा जुना दोर आहे मी, लोण्याचा गोळा थोडाच आहे! खर्डीजवळच्या ठाकूरपाड्यात मंगळूने मला वळलं. पाती ओढ्यात कुजवली, बडवली, धुतली आणि निघालेला वाख, म्हणजे पातीचे धागे, मांडीवर पिळून पिळून मला असं घट्ट केलं की बैल जुंपले असते तरी मी तुटलो नसतो.

माझा जन्म मधासाठी. माहुलीच्या कड्याला आग्या मोहोळं लागतात. मंगळूच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे बुधीचा नवरा जाणू, मला कमरेला बांधून कडा उतरायचा आणि वर मला धरून मंगळू बसायचा. पाड्यातली रीतच तशी. दोर धरायचा तो मेव्हण्याने. भावाभावांत कधी वाकडं येईल, पण आपल्या बहिणीचं कुंकू कोण हातातून सोडेल? आणि दुसरी रीत अशी की, वरच्याने तोंड उघडायचं नाही, आवाजाने माशा उठतात. वर यायचं झालं की खालचा मला हिसका देई. बोलायचं काम माझं, आणि मी ते चोख करायचो. उगाच का सगळा पाडा माझं कौतुक करायचा!

मग एका वर्षी मुंबईत खोल भुयारी गटाराचं काम निघालं. भातकापणी उरकून पाड्यातली माणसं मजुरीला गेली. त्यांत हे तिघे होते, आणि मीही होतो.

साहेबांनी आल्या आल्या समजावलं. सगळं सांडपाणी या भुयारातून वाहत जाईल, पुढे मोठ्या हौदांत निवळेल आणि स्वच्छ झालं की बागांना, गिरण्यांना परत मिळेल. बुधी पदराआड हसली.

"आमच्या तानसा धरणाचं पानी नेता, घान करता, न् मंग धुता काय? भारीच हौस तुमाला!"

"बाई, धुतलं नाही तर तुमचं तानसा तरी किती पुरणार?" साहेब म्हणाले. मला ते पटलं, अगदी खरं सांगतो.

खड्डा विहिरीसारखा खोल होता आणि तळाशी आडवं भुयार. जाणू मला बांधून उतरे आणि माती पाटीत भरे. ती पाटी दुसऱ्या दोराने वर येई. मुकादम सावळाराम बजावून सांगे, "मंगळू, सारखी हाक मारत राहा. जुन्या गटारातला वायू झिरपतो, तो डोळ्यांना दिसत नाही. ओ आली नाही की ओढ."

मंगळू मान डोलवी, पण हाक मारायला त्याची जीभ उचलेचना. जन्मभराची सवय हो! खाली माणूस असला की वर गप्प बसायचं, हेच त्याला शहाणपण वाटे. हिसका येईलच, दोर आहे ना!

एका दुपारी जाणूचा हात माझ्यावर आला. मला वाटलं, आता हिसका. पण बोटं नुसतीच घसरून गेली. मित्रांनो, मी काय करू? मला ओरडता येत नाही. माझं बोलणं म्हणजे माणसाच्या हातातला जोर, आणि तो जोरच गेला होता. वर मंगळू मला मुठीत धरून शांत बसलेला. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बुधी रिकामं घमेलं घेऊन आली. "दादा, पाटी कवाची वर आली नाय."

मंगळूने ओठांवर बोट ठेवलं. "गप गो. दोर बोलंल."

बुधीने घमेलं फेकलं, काठावर पालथी पडली आणि लग्न झाल्यापासून जे नाव तिने कधी घेतलं नव्हतं, ते घेऊन बोंबलली, "जाणू! ए जाणू! ओ दे रे!"

आत नुसता तिचाच आवाज घुमला.

"ओढ, दादा! माझा मानूस जाईल रे, ओढ!"

मंगळूने ओढलं. त्याच्या तळहातांची सालं माझ्यावर राहिली. जाणू वर आला तो निळा पडलेला. सावळारामने त्याला वाऱ्यावर निजवलं, छाती चोळली, आणि बऱ्याच वेळाने जाणूने श्वास घेतला. बुधी मोठ्याने रडली. मंगळू मात्र माझ्याकडेच बघत बसला होता.

"मी रीत पाळली रे," तो म्हणाला. "दाजी, मी रीतच पाळली."

जाणू वाचला, पण छातीतली घरघर काही गेली नाही. त्याचा कडा सुटला. पुढच्या हंगामात मंगळू स्वतः भुयारात उतरला. मला जाणूने धरलं. मोठ्याने ओरडायचा दम त्याला नव्हता, म्हणून शेजारी बुधी बसायची आणि दिवसभर भावाला हाका मारायची. घसा बसला तरी थांबायची नाही.

आता तो खड्डा बुजून भुयारावर रस्ता झालाय, आणि माझ्यावर बुधी लुगडी वाळत घालते. तक्रार नाही माझी, म्हातारपणी ऊन खायला मिळतं. मागणं एवढंच आहे. शहरात गटाराचं झाकण उघडं दिसलं, तर नाक दाबून पळू नका. तुमच्याच मोरीतलं पाणी वाहतं तिथे. आत कोण उतरलंय ते विचारा, त्याला नावाने हाक मारा, आणि ओ येईपर्यंत जागचे हलू नका.