फरपट्याची चाल

"फरपटू नकोस गं, उचलून टाक. पाय आहे तो, ओढत न्यायला सतरंजी नाही."

आई जाऊन तीस वर्षं झाली, तरी पायरी उतरताना हा आवाज ताईच्या कानात अजून यायचा. चौथ्या वर्षी तिला ताप आला, तो जाताना उजव्या पायातलं बळ घेऊन गेला. मग आईने व्हरांड्यात खडूने रेघा ओढल्या आणि लेकीला पुन्हा चालायला शिकवलं. डावा पाय टाकायचा, उजवा हात मांडीवर दाबायचा, अंग पुढे झोकायचं, मग उजवा पाय आणायचा. टप्... खर्र. आईने कितीही घसा कोरडा केला, तरी ती खर्र काही गेली नाही.

धाकटा भाऊ, बाळ्या, तिचं दप्तर घेऊन शाळेपर्यंत सोबत असायचा. वाटेत हात मांडीवर ठेवून, जीभ बाहेर काढून तिची हुबेहूब नक्कल करायचा आणि ती पोट धरून हसायची. दुसऱ्या कुणी केली असती तर डोळ्यांत पाणी आलं असतं. बाळ्याला मुभा होती. त्या घराचं चुकलं ते इथेच. कुठली गोष्ट घरातली आणि कुठली जगाला द्यायची, हे त्याला कुणी शिकवलंच नाही.

मोठेपणी बाळ्या एका स्टुडिओत सुतारकामाला लागला. तिथे एका भयपटाचं काम अडून बसलं होतं. जळक्या चेहऱ्याचा मुखवटा झकास झाला होता, पण तो घालून चालणाऱ्या नटाला बघून सेटवरचं मांजरसुद्धा जागचं हलेना. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. बाळ्याने रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, "मी दाखवू?"

मुखवटा मग बाळ्याच्याच तोंडावर चढला. पहिल्या खेळाला तो ताईला हौसेने घेऊन गेला. पडद्यावर लांबलचक बोळ, आणि आधी नुसता आवाज. टप्... खर्र. तिसऱ्या पावलाला ताईने ओळखलं. मांडीवरचा हात तिचा, अंगाचा झोकही तिचाच. सगळं थिएटर किंचाळत होतं. शेजारच्या बाईने तर घाबरून ताईचाच दंड धरला. खेळ सुटला, माणसं पांगली, तरी ताई बसून होती. झाडूवाला आला तेव्हा उठली.

फरपट्या हे नाव पोरांनी ठेवलं की पोस्टरवाल्यांनी, देव जाणे. महिन्याभरात ते घरोघरी झालं. जेवत नाहीस? थांब, फरपट्याला बोलावते. ताई तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात काजबटणाला जायची. तिची चाहूल लागली की पोरं "आला रे आला" करत पळायची. धीट असतील ती मांडीवर हात ठेवून मागे मागे यायची. मोठी माणसं हसू दाबायची, ते जास्त लागायचं. जमत आलेली एक सोयरीकही मोडली. मुलाची आई म्हणाली, "पोरीत काही खोट नाही हो. पण घरात ती पावलं वाजली की माझ्या छातीत धस्स होईल." ताईने काम घरी मागवून घेतलं आणि उंबरा ओलांडणंच सोडलं.

"अरे, एकदा तरी सांग ना लोकांना," ती बाळ्याला म्हणाली होती. "माणसाची चाल आहे म्हणावं, भुताची नाही. माझ्या बहिणीची आहे म्हणावं."

"सांगेन ताई. थोडं नाव होऊ दे माझं."

नाव झालं. एका वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, ही चाल सुचली कुठून? बाळ्याने सांगितलं, जंगलात एक जखमी बिबट्या पाहिला होता. त्याने आयुष्यात जंगल पाहिलं ते स्टुडिओतल्या कापडावर रंगवलेलं! पण लोकांना बिबट्या आवडला. चाळीस वर्षांत फरपट्याचे मुखवटे निघाले, बाहुल्या निघाल्या, आणखी चार सिनेमे निघाले, आणि प्रत्येक नव्या नटाला तोच बिबट्या समजावून सांगितला गेला.

ताई रोज पहाटे दिवा लावायची आणि पहिलं नाव बाळ्याचं घ्यायची, त्याला सुखी ठेव म्हणून. हा नेम एक दिवस मोडला नाही. फक्त बिबट्याची बातमी वाचल्यापासून नाव घेताना दात आवळलेले असायचे. देवाला ते कळत असणार.

आता बाळ्या कंबर मोडून अंथरुणाला खिळला होता, आणि सिनेमाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्याच जुन्या थिएटरात त्याचा सत्कार ठरला होता. त्याची मुलगी आत्याला गाडीत घालून त्याच्याकडे घेऊन आली.

"ताई, माझ्या वतीने तू जा," तो म्हणाला. "घरचं माणूस हवं."

"तुझी लेक आहे की."

"मी गेले तर इथे बाबांना उठवायला-बसवायला कोण?" भाची म्हणाली. "आणि आत्या, सकाळपासून तुझाच जप चाललाय त्यांचा."

बाळ्याने ताईचा हात धरला. "जाशील? वचन दे."

"जाईन."

"आणि तिथे काही बोलायचं नाही हं. ते बिबट्याचं आता कशाला उकरायचं? म्हातारपणी हसतील गं मला."

"मला चाळीस वर्षं हसले, बाळ्या."

तो छताकडे बघत राहिला. "म्हणून तर माहितेय मला, किती लागतं ते."

ताईला वाटलं, आता तरी माफी मागेल. त्याचे ओठ हललेही.

"चाकांची खुर्ची सांगून ठेवलीय," तो म्हणाला. "फाटकापासून स्टेजपर्यंत बसूनच जा. उगाच दमशील."

ही काळजी तिच्या पायांची होती की त्याच्या बिबट्याची, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"एक शब्द बोलणार नाही," ताई म्हणाली. "वचन." खुर्चीबद्दल ती काहीच बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही.

शनिवारी पहाटे तिने दिवा लावला, बाळ्याचं नाव घेतलं. दुपारी ठेवणीतले कपडे घालून गाडीत बसली. थिएटरच्या फाटकाशी दोन-अडीचशे फरपटे रांगेत उभे होते. कुणाच्या हातात चहाचा पेला, कुणी मुखवटा कपाळावर चढवून फोनवर बोलत होता. एकजण दुसऱ्याला शिकवत होता, "अरे असं नाही, बिबट्यासारखं, बिबट्यासारखं!"

ड्रायव्हरने खुर्ची उलगडून समोर धरली. "बसा आजी."

"राहू दे, बाबा. इथवर आणलंस, पुष्कळ झालं."

ती उतरली. चाळीस वर्षांनी समोर मोकळा रस्ता होता आणि त्याच्या टोकाला उघडं दार. तिने उजवा हात मांडीवर ठेवला. उचलून टाक गं, आई म्हणाली. आज ताईने ऐकलं नाही.

टप्... खर्र.

रांगेतल्या पहिल्या फरपट्याने मान वळवली आणि हळूच मुखवटा काढला. ताई त्याच्याकडे न बघता, तोंड मिटून, पुढे निघाली.