बंद बटण

वायरिंगच्या वर्गात बाईंचा एक नियम होता आणि त्या नियमाला सगळेच टरकून असत. ज्यानं वायर जोडली, त्यानंच आधी बोट लावायचं, आणि तेही सगळ्यांसमोर. बटण बंद करायचं, टेस्टर लावून वीज नाही ना ते बघायचं आणि मग होल्डरमधल्या पितळी टोकाला बोटाची पाठ टेकवायची. पाठच का, तर शॉक लागला की मूठ आपोआप आवळते. तळव्याच्या बाजूनं हात लावला तर माणूस त्या टोकाला धरूनच बसतो. पाठीनं लावला तर हात निदान मागे तरी येतो. बाईंनी वीज कंपनीत एकतीस वर्षं काढली होती. आपल्याच कामाला हात लावायची छाती नसेल, तर ते काम दुसऱ्याच्या घरात सोडून यायचं नाही, असं त्या म्हणत.

वर्गात दहा पुरुष होते आणि एक वहिनी. वहिनी हे काही तिचं नाव नव्हे, पण पहिल्याच दिवशी कोणीतरी तशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. वय एक्केचाळीस. औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायचं काम होतं, तो कारखाना बंद पडला. आठ महिने घरी बसल्यावर तिनं या वर्गात नाव घातलं, तेव्हा घरात हसू पिकलं. नवरा म्हणाला, एक दिवस घर जाळशील आणि वर मलाच विचारशील की आग विझवायची कशी. हसले नाहीत ते फक्त सासरे. तात्यांनी उलट आपलंच घर पुढे केलं. म्हणाले, शिकायला कुठलं तरी घर लागणारच ना, माझंच घे.

तात्या एकटेच राहत, वर्गापासून चालत दहा मिनिटांवर, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. न्हाणीघराचं बटण आतल्या बाजूला होतं आणि त्याच्यावर सतत पाणी उडे. गेल्या रविवारी वहिनीनं ते बटण बाहेर आणलं. दारावरचा वायरींच्या जोडाचा डबा उघडला, नव्या वायरी ओढल्या, चौकटीला नवं बटण बसवलं. हात चालत होता म्हणून जाता जाता स्वयंपाकाच्या ओट्यावरचा प्लगही बदलला. बल्ब पेटला तेव्हा तात्यांनी टाळी वाजवली आणि शेजारच्या दोन घरांतल्या माणसांना बोलावून ते बटण दाबून दाखवलं. त्या दिवशी ती घरी गेली ती हवेतच.

तोवर वर्गात तीन धडे झाले होते. चौथा आज होता.

आज बाईंनी एक खोडी काढून ठेवली होती. प्रत्येकाच्या फळीवर येणाऱ्या दोन्ही वायरी काळ्या होत्या. रोजची लाल-काळी जोडी कुठेच नव्हती. बाई म्हणाल्या, जोडा आणि पेटवा. वहिनीचा बल्ब सगळ्यांत आधी पेटला आणि तिनं इकडेतिकडे बघून घेतलं, कोण कोण बघतंय म्हणून. बाई आल्या. त्यांनी बटण बंद केलं.

"विझला?"

"विझला."

"काढा बल्ब. लावा बोट."

आनंदाच्या भरात ती टेस्टर विसरली. हात होल्डरकडे गेला, आणि बाईंनी तिचं मनगट मधल्यामध्ये धरलं. दुसऱ्या हातानं त्यांनी टेस्टर आत टेकवला. टेस्टरच्या पोटातला दिवा लालभडक पेटला.

बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी समजावून सांगितलं ते इतकं साधं होतं की वहिनीला ते जन्मात विसरता येणार नव्हतं. दोन वायरी येतात. एक फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी. दुसरी न्यूट्रल, म्हणजे परत जाणारी. बटणानं दोन्हींतली कुठलीही तोडली तरी बल्ब विझतो. पण परतीची तोडलीत तर येणारी तशीच होल्डरपर्यंत येऊन बसलेली असते, बटण बंद असलं तरी. बल्ब विझला म्हणून माणूस बिनधास्त हात घालतो. म्हणून बटण फेजवरच घ्यायचं, आणि रंगावर विश्वास ठेवायचा नाही. जुन्या घरात रंग कधीच उडून गेलेले असतात.

जुन्या घरात. तात्यांच्या दारावरचा तो डबा वहिनीच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्यातल्या दोन वायरी सारख्याच मळकट होत्या, कुठली काळी आणि कुठली लाल हे सांगता येऊ नये इतक्या. तिनं हाताला आली ती घेतली होती. आणि टेस्टर तर तेव्हा तिच्याकडे नव्हताच.

त्याहून वाईट म्हणजे सकाळचा फोन. तात्या म्हणाले होते, न्हाणीघरातला बल्ब लुकलुक करतोय, होल्डर आतून काळा पडला असेल. दुपारी कपडे धुऊन झाले की चढतो स्टुलावर आणि खरवडतो चाकूनं. तू दगदग करू नकोस, बटण बंद करूनच करीन, मला काय कळत नाही का. ती हसून बरं म्हणाली होती.

तिनं फोन लावला. घंटा वाजत राहिली. दुपारी तात्यांचा रेडिओ मोठ्यानं लागलेला असे आणि डाव्या कानानं त्यांना तसंही कमीच ऐकू येई. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काय झालं ते विचारलं. वहिनीनं दोन वाक्यांत सांगितलं.

बाईंनी आपला टेस्टर तिच्या हातात दिला. "तिथला मेन स्विच कुठंय, माहीत आहे?"

"आत गेल्या गेल्या, दाराच्या मागे."

"मग नीट ऐका. आत गेल्यावर माणसाकडं जायचं नाही. काहीही दिसू दे, हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. आधी मेन."

वहिनी पळत सुटली. लग्नानंतर ती अशी कधी पळालीच नव्हती. चप्पल कोपऱ्यावरच्या दुकानाशी तुटली, ती तिनं तिथेच सोडली. पळता पळता ती हिशेब करत होती. आता चार वाजत आले होते. कपडे धुवायला तात्यांना अर्धा तास लागतो. वाळत घालायला दहा मिनिटं. साडेतीनला सुरुवात केली असेल तर. तीनला केली असेल तर. तिला स्वतःचा राग येत होता आणि त्या रागाचंही काही करता येत नव्हतं. तीन धड्यांत ती दिवा पेटवायला शिकली होती. तो विझतो म्हणजे काय होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं.

दार नेहमीसारखं नुसतंच लोटलेलं होतं. पायरीवर तात्यांच्या रबरी चपला उभ्या करून वाळत ठेवल्या होत्या, घासून स्वच्छ धुतलेल्या. म्हणजे तात्या अनवाणी होते.

आत रेडिओवर कोणीतरी पिकांच्या भावाबद्दल बोलत होतं. समोर न्हाणीघराचं दार सताड उघडं. ओल्या फरशीवर लोखंडी स्टूल, स्टुलावर तात्या, पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली विजार, पायांवरून अजून पाणी ओघळतंय. डाव्या हातात काढलेला बल्ब. उजव्या हातात बिनमुठीचा चाकू. कधीकाळी त्याची लाकडी मूठ निघाली होती आणि तात्यांनी ती बसवली नव्हती. मान वर, डोळे बारीक करून ते होल्डरमध्ये बघत होते आणि चाकूचं टोक वर चाललं होतं.

तिचं सगळं अंग त्यांच्याकडे ओढ घेत होतं. तोंडात "तात्या" आलं होतं. हाक मारली असती तर ते दचकले असते, आणि दचकलेला माणूस आधार शोधतो. वर आधाराला होल्डरच होता.

ती दाराच्या मागे वळली. मेनच्या खटक्यावर तात्यांनी छत्री, बाजाराची पिशवी आणि एक जुना पट्टा अडकवून ठेवला होता. तिनं सगळं ओरबाडून खाली टाकलं आणि खटका ओढला. तो हलला नाही. किती वर्षांत कोणी ओढला नसेल कोण जाणे. तिनं दोन्ही हात लावले, एक पाय भिंतीला टेकवला आणि सगळा भार टाकला.

खाट्‌कन आवाज झाला. पिकांचे भाव मध्येच थांबले.

"लाइट गेली वाटतं," तात्या न्हाणीघरात स्वतःशीच म्हणाले. चाकू होल्डरच्या आत खरवडू लागल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. तो आवाज ऐकत वहिनी भिंतीला टेकून खाली बसली.

ती दिसल्यावर तात्यांना आनंदच झाला. वर्ग लवकर सुटला का, असं त्यांनी विचारलं. तिनं त्यांना खाली उतरवलं, पाय कोरडे करायला लावले आणि खुर्चीवर बसवलं. मग चूक सांगितली. लपवाछपवी केली नाही, जुन्या वायरींवर ढकलली नाही. सांगितलं की मी शिकले नव्हते ते काम केलं, आणि ते करताना मला वाटत होतं की मला येतं. त्यांना पटावं म्हणून तिनं मेन पुन्हा चालू केला, बटण बंदच ठेवलं, लाकडी चौकीवर चढून होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

तिला वाटलं होतं तात्या घाबरतील. ते फक्त मान हलवत राहिले.

"हो," ते म्हणाले. "मंगळवारी लागला मला."

वहिनी चौकीवरून खाली उतरली. "काय लागलं?"

"शॉक. बल्ब जरा सैल होता म्हणून बटण बंद करून फिरवायला गेलो. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, मागे भिंतीवर आपटलो. फार काही नाही." त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. टोकाला मुगाच्या दाण्याएवढा काळा डाग होता. "पायात रबरी चपला होत्या म्हणून निभावलं. मग काय, चपला घालूनच जायचं ठरवलं. आज तेवढ्या धुतल्या होत्या, म्हटलं पटकन उरकू."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

तात्यांनी ते बोट मुठीत लपवलं. म्हणाले, तुझ्या नवऱ्याच्या कानावर गेलं असतं तर त्यानं वर्ग बंद करायला लावला असता. आणि त्यानं नसता लावला तरी तू स्वतःच सोडला असतास. आठ महिने तुझं तोंड कसं झालं होतं ते मी बघितलंय. एवढ्याशा झिणझिणीसाठी ते परत कशाला.

वहिनीला भडभडून आलं आणि त्याच वेळी त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. "तात्या, तुम्ही गेला असतात," ती म्हणाली. "माझ्या हातानं. आणि ते तुम्ही मला कळूसुद्धा दिलं नसतंत. असली माया मला नको. मला चूक सांगणारा माणूस पाहिजे."

तात्यांनी खाली बघितलं. एवढं कडक त्यांच्याशी कोणी फार वर्षांत बोललं नव्हतं.

मग ती कामाला लागली. टेस्टरनं फेज कुठली ते बघून घेतलं, मेन पाडला, टेस्टर परत एकदा लावून तो पेटत नाही याची खात्री केली. डब्यातल्या फेजच्या वायरीला शिवणकामातला लाल दोरा गुंडाळून गाठ मारली. तात्या बॅटरी धरून उभे होते आणि चपला अजून ओल्या होत्या म्हणून तिच्या सांगण्यावरून त्यांनी बाजूच्या खोलीतली गोधडी चार घड्या घालून पायाखाली घेतली होती. तिनं खूण केलेली फेज बटणावर आणली, बटणापासून होल्डरला नेली, न्यूट्रल सरळ होल्डरला. पेच आवळले, एकेक वायर ओढून बघितली. मेन चालू. बल्ब पेटला. बटण बंद, बल्ब काढला, टेस्टर लावला. यावेळी टेस्टर पेटला नाही.

"थांब," तात्या म्हणाले. "मी लावतो हात. मला सवय झालीय."

"नाही. ज्यानं जोडलं त्यानंच आधी."

मंगळवारी त्यांचा हात याच टोकाशी होता, हे डोक्यातून जात नव्हतं. तिनं बोट वाकवलं आणि त्याची पाठ आधी एका पितळी टोकाला टेकवली, मग दुसऱ्याला. काही झालं नाही. थंडगार पितळ लागलं, एवढंच. ती तशीच बोट टेकवून उभी राहिली, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

खाली उतरून तिनं हात पुसले. तात्यांनी शेजाऱ्यांना बोलवायचा विषय काढला नाही. ते उगाच बॅटरी उघडझाप करत होते.

"तात्या," ती म्हणाली, "मला अजून काय काय सांगितलेलं नाही?"

तात्यांनी ओट्याकडे एक नजर टाकली आणि लगेच काढून घेतली. "तसं काही नाही."

"तात्या."

"तो प्लग," ते म्हणाले. "तू बसवलेला. जरा गरम होतो. वासही येतो थोडा, पण खिडकी उघडली की जातो."

वहिनी दारामागे गेली आणि दोन्ही हातांनी मेन पुन्हा खाली ओढला. या खेपेला तो पटकन आला. मग खुर्ची ओट्याजवळ ओढून तिनं तात्यांना तिथे बसवलं, बॅटरी त्यांच्या हातात दिली आणि पेचकस घेतला.

"आता सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून, सगळं."

तात्यांनी तो काळा डाग पडलेला हात वर धरला आणि बोटं मोजायला सुरुवात केली.