कोंबड्यांच्या वळणाआधी

मर्व्ह हॉकिंगला त्याची बायको गेली नऊ वर्षं हरवत आली होती, आणि तीही त्याच्याच गाडीत.

त्यांच्या क्लबात नवरा-बायकोनं एक गाडी वाटून चालवायची पद्धत जुनीच. आधी एकानं टेकडी चढायची, गाडी खाली आणायची, मग दुसऱ्यानं सीट सरकवून त्याच गाडीत बसायचं. इंजिन तेच, टायर तेच, रस्ता तोच. घड्याळ मात्र ज्याचं त्याचं. मर्व्हचं घड्याळ अठ्ठावन्न पूर्णांक नऊ सेकंदांच्या खाली कधी उतरलं नव्हतं. ग्लेनिसचं गेल्या वर्षी सत्तावन्न पूर्णांक सहावर थांबलं. फरक पुरता दीड सेकंदही नाही, पण टेकडी चढणाऱ्या माणसाला तेवढा फरक झोपू देत नाही.

मर्व्हकडे कारण तयार असे. ब्रेक. त्याची डॅटसन पन्नास वर्षांची, ब्रेकही पन्नास वर्षांचे. टेकडीच्या मध्यावर रस्ता एकदम खाली उतरतो आणि लगेच डावीकडं काटकोनात वळतो. त्या वळणाला सगळे कोंबड्यांचं वळण म्हणतात, कारण पूर्वी तिथं एक खुराडं होतं आणि एका गृहस्थांनी आपली गाडी थेट त्यात नेऊन उभी केली होती. "त्या उतारावर मला ब्रेकचा भरवसा वाटत नाही," असं मर्व्ह दरवर्षी बक्षीस समारंभात सॉसेज-पाव खाता खाता सांगायचा. ब्रेक ग्लेनिसलाही तेच होते, हे त्याला कुणी सुनवायचं नाही. माणूस एकसष्ट वर्षांचा, दुधाचा टँकर चालवणारा, मनानं चांगला. लोक ऐकून घ्यायचे.

ग्लेनिस शाळेची बस चालवायची. तीही ऐकून घ्यायची. या वर्षी मात्र तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मग बदल ना ब्रेक. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

मर्व्हला ते बोलणं लागलं आणि आवडलंही. ब्रेक बदलले आणि तो जिंकला, तर नऊ वर्षं तो खरं बोलत होता. ब्रेक बदलूनही हरला, तर पुन्हा कधी त्या विषयावर तोंड उघडायची सोय राहणार नव्हती.

जुन्या डॅटसनला हायलक्स पिकअपचे पुढचे कॅलिपर बसतात, हे या छंदातल्या लोकांना तोंडपाठ असतं. कॅलिपर म्हणजे चाकातली चकती दोन्ही बाजूंनी पकडणारा जबडा. डॅटसनच्या जबड्यात दोन पिस्टन, पिकअपच्या जबड्यात चार. बोल्टची भोकं जुळतात, मागचा पत्रा थोडा कापला की काम झालं. मर्व्ह गुरुवारी टँकर धुऊन सरळ ट्रेव्हच्या भंगाराच्या आवारात गेला. तिथं एक हायलक्स नुकतीच आली होती. कुणीतरी ती ओल्या कुरणात पलटी केली होती आणि ट्रेव्हनं ती आली तशीच टाकून ठेवली होती, टपावर, चारही चाकं आभाळाकडं करून.

"काय रे दूधवाल्या," ट्रेव्ह म्हणाला, "रेसच्या गाडीला मेंढ्या वाहायच्या गाडीचे ब्रेक लावतोस? पुढच्या वर्षी हौदाही लाव."

"तू पाना दे आणि गप बस."

मर्व्ह व्यवस्थित माणूस. दोन्ही कॅलिपर काढल्यावर त्यानं पिवळ्या रंगाची बाटली उघडली आणि गाडीच्या मागं उभा राहून, पुढं तोंड करून, नीट पाहून एकावर डावं आणि दुसऱ्यावर उजवं असं लिहिलं. घोळ नको म्हणून.

शुक्रवारी दुपारी त्यानं ते घासून पुसून, नवी रबरं घालून, लाल रंगवून डॅटसनला चढवले. काय दिसत होते! त्यानं चाकं लावण्याआधी तीनदा लांब जाऊन पाहिलं, शेजाऱ्याला कुंपणाशी बोलावून दाखवलं, आणि शेजाऱ्याला गाड्यांतलं काही कळत नसल्यानं त्याच्या कुत्र्यालाही दाखवलं. जेवताना तो चाकांबद्दलच बोलत होता. ग्लेनिसनं बटाटे त्याच्या पुढं सरकवले तरी त्याचं लक्ष नव्हतं.

शनिवारी सकाळी ब्रेकमधली हवा काढायला बसले. हे काम दोघांचं. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी आडवं पडून तोटी उघडायची, तेलाबरोबर हवा बाहेर आली की तोटी बंद करायची. या दोघांचा संसार चौतीस वर्षांचा, पण इतक्या शिस्तीत एकमेकांशी ते बाकी कुठल्याच कामात बोलत नसत.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

असं दीड तास चाललं. नळीतून बाटलीत येणारं तेल स्वच्छ, बुडबुडा एकही नाही. आणि पेडल मात्र ओल्या स्पंजावर पाय ठेवावा तसं, थेट तळाला.

"पुन्हा," मर्व्ह म्हणाला.

"माझी पोटरी भरून आली."

"रोज बस चालवतेस ना तू?"

"बसला ब्रेक आहेत."

तेलाचा दुसरा डबा संपला. तपासणी तीन वाजता बंद होणार होती आणि मऊ पेडलच्या गाडीला तपासनीस टेकडीच्या फाटकातही येऊ देत नाही. अकरा वाजले. मर्व्हनं सगळे जोड पुन्हा आवळले, नळ्या चाचपल्या, मुख्य सिलिंडरला शिव्या दिल्या. त्याचं तोंड उतरलं. नऊ वर्षं बोलून दाखवलेलं खरं करायची वेळ आली आणि गाडी अंगणातच अडली. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

ग्लेनिस गाडीतून उतरली, पाय झटकले, आणि चाकाशी उकिडवी बसली. बराच वेळ पाहत राहिली.

"हवा वर जाते ना रे?"

"जाते."

"मग तिला बाहेर काढायची तोटी खाली कशी?"

"पिकअपला तशीच होती. मी नीट बघून घेतलंय."

"पिकअप कशी होती?"

मर्व्हनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पिकअप टपावर होती. तोट्या जमिनीकडं होत्या, कारण सगळी पिकअपच उलटी होती. आणि उलट्या गाडीच्या मागं उभं राहून ज्याला त्यानं इतक्या काळजीनं उजवं म्हटलं, ते डावं होतं. अदलाबदल करून बसवल्यामुळं तोट्या तळाला आल्या होत्या. हवा वर कोंडून बसली होती आणि हे दोघं दीड तास खालून चांगलं तेल उपसत होते.

"मी गाढव आहे," मर्व्ह म्हणाला.

"ते नंतर ठरवू. पाना कुठाय?"

दोन्ही कॅलिपर काढून इकडचं तिकडं करायला त्यांना पन्नास मिनिटं लागली. बोटं सोलली, तेल बाहीतून कोपरापर्यंत गेलं. मग पुन्हा दाब, धर. तोटी उघडताच बाटलीत बुडबुड्यांची रांगच लागली, एकामागून एक, फसफसत, आणि मर्व्ह जमिनीवर आडवा पडल्या पडल्या हसायलाच लागला. "येतायत गं, येतायत, सोडू नकोस." चौथ्या चाकानंतर ग्लेनिसनं पेडल दाबलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. भिंतीसारखं. तिनं दोन्ही पायांनी दाबून पाहिलं. हललं नाही.

पावणेतीनला ते फाटकात होते. तपासनीस पेडलवर उभा राहिल्यासारखा दाबून बसला, खाली वाकून लाल कॅलिपर पाहिले, आणि काहीही न बोलता काचेवर हिरवी चिठ्ठी लावली. ते लाल रंगाचं काम थोडंसं बटबटीत झालं होतं, पण त्याचे गुण कापत नाहीत.

रविवारी ऊन पडलं होतं. पाईनच्या रांगांमागून एकेक इंजिन तापत होतं आणि मर्व्हच्या पोटात सकाळपासून गोळा आला होता. प्रत्येकाला तीन फेऱ्या. पहिली फेरी दोघांनीही जपून केली, नवे पॅड तापू दिले. दुसऱ्या फेरीला मर्व्ह सुटला.

असे ब्रेक त्याला जन्मात मिळाले नव्हते. उतारावर त्यानं पाय ठेवला आणि पट्टा छातीत रुतला, गाडी जागच्या जागी बसली. वर पोचला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. माईकवर आकडा आला: अठ्ठावन्न पूर्णांक एक. आयुष्यातली त्याची सर्वांत जलद फेरी. खाली येताना त्याला सगळ्या चौकीवाल्यांना मिठ्या माराव्याशा वाटत होत्या.

मग ग्लेनिस बसली. सीट तीन खाचा पुढं घेतली, गेली, आणि माईकवर आकडा आला: छप्पन्न पूर्णांक चार.

मर्व्हनं तो मनात दोनदा वजा करून पाहिला. आधी फरक एक पूर्णांक तीन होता. आता एक पूर्णांक सात. चांगले ब्रेक आल्यावर तो मागं पडला होता.

तो गवतात बसला. शेजारच्या गाडीचा माणूस काहीतरी म्हणाला, त्यानं ऐकलं नाही. त्याला ती फेरी पुन्हा आठवली, आणि या वेळी खरी आठवली. कोंबड्यांच्या वळणाआधी गाडी इतकी लवकर बसली होती की वळणापर्यंत पोचायला त्याला पुन्हा गॅस द्यावा लागला होता. ब्रेक चौपट झाले होते आणि त्याचा पाय अजून जुन्याच जागी दबत होता. नऊ वर्षं तो ज्याला ब्रेक म्हणत आला, ती त्याची भीती होती. हे कळल्यावर त्याला लाज वाटली, आणि आश्चर्य म्हणजे हलकंही वाटलं. भीतीला निदान भंगारातून काही आणावं लागत नाही.

ग्लेनिस गाडी खाली घेऊन आली, हेल्मेट काढलं, थर्मास उघडला. ती काही बोलली नाही. जिंकल्यावर ती कधीच बोलत नसे.

"ग्लेन," तो म्हणाला, "तू तिथं ब्रेक कुठं मारतेस?"

तिनं कप अर्ध्यात थांबवला. नऊ वर्षांत हा प्रश्न त्यानं विचारला नव्हता. टायर कुठले, हवा किती, दुसरा गिअर का तिसरा, सगळ्यांना सगळं विचारून झालं होतं. बायकोला हे कधी विचारलं नव्हतं.

"नेव्हिल झेंडा घेऊन बसतो ना उजवीकडं," ती म्हणाली. "त्याचं घडीचं टेबल आहे. टेबल दाराच्या रेषेत येईपर्यंत पाय हलवायचा नाही. वळणाकडं बघूच नकोस, टेबलाकडं बघ. टेबलाला काही कुणी घाबरत नाही."

"टेबल? ते तर पार खाली आहे."

"हो."

"मी खुराड्यात जाईन, गं."

"खुराडं कधीच पाडलंय. जा आता, तुझा नंबर आला."

तिसरी फेरी. उताराच्या माथ्यावर त्याचा पाय आपण होऊन उचलला जाऊ लागला आणि त्यानं तो शिवी देऊन खाली रेटला. रस्ता पुढून अंगावर आला. नेव्हिल, त्याची टोपी, त्याचा डबा, टेबल. दाबलं. चारी चाकांनी जमीन धरली, मान पुढं गेली, आणि वळण नेमकं तिथं होतं जिथं हवं होतं, गाडी त्यात आपली आपण शिरली. मर्व्ह हेल्मेटच्या आत मोठ्यानं ओरडत वर गेला, शब्द नव्हते, नुसता आवाज होता.

सत्तावन्न पूर्णांक शून्य. गेल्या वर्षीच्या ग्लेनिसपेक्षा कमी.

तो खाली आला तेव्हा ती सीट सरकवायला दारात उभीच होती. त्यानं तिला मिठी मारली, हेल्मेट तिच्या कपाळावर आपटलं. "टेबल," एवढंच तो म्हणत होता. "टेबल, ग्लेन."

"हो हो. सरक आता."

ती सुटली. मर्व्ह कुंपणाला हात टेकून ऐकत उभा राहिला. खालून काही दिसत नाही, पण स्वतःच्या इंजिनाचा आवाज तो झोपेतही ओळखला असता. माथा आला. आवाज उताराला लागला, चढत गेला. आता नेव्हिल. आता टोपी. आता टेबल.

आवाज थांबला नाही.

मर्व्हच्या छातीत धस्स झालं. टेबल गेलं, आणि इंजिन अजून पूर्ण घशानं ओरडत होतं. मग एकदम तुटलं, पुन्हा उचललं, आणि वळणातून स्वच्छ वर निघून गेलं. पंचावन्न पूर्णांक आठ, माईकवाला म्हणाला, आणि कुणीतरी शिट्टी वाजवली.

ती खाली आली तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध उभा होता.

"टेबल म्हणालीस तू मला."

"तुझ्यासाठी टेबलच."

"आणि तुझ्यासाठी?"

ग्लेनिसनं हेल्मेटमधून सुटलेले केस मागं केले. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे चमकत होते. चौतीस वर्षांत त्यानं तिला इतकं खुशीत क्वचित पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ती याच टेकडीवरून उतरत असायची.

"नऊ वर्षं मी वाट पाहिली तू विचारशील म्हणून," ती म्हणाली. "आज सकाळी पहिल्यांदा विचारलंस. सगळं एकाच दिवशी सांगून टाकू का रे?"