पासवर्ड बायकोकडे

फोटोफ्रेमवाल्याच्या दुकानातल्या लॅपटॉपवर भरदुपारी अचानक लाल पडदा आला आणि आतून एक बाई दरडावून सांगू लागली, तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. त्याच्या हातात तेव्हा काच होती. ती त्याने आधी भिंतीशी नीट टेकवून ठेवली, कितीही घाबरला तरी काच सोडायची नाही हे अंगात मुरलेलं होतं. मग फोन उचलला आणि खालचा नंबर सोडून बायकोचा लावला.

बायको दूर, दुसऱ्या शहरात होती. कंपनीचे संगणक सुरक्षित ठेवणं हे तिचं काम, आणि कंपनीने तिला दोन वर्षांसाठी मुख्य कचेरीत बोलावून घेतलं होतं. ती गेल्यापासून दोघांचे फोन आखडत चालले होते. जेवलात का, हो, तू, हो, ठेवू का, ठेव. भांडण नव्हतं, काही नव्हतं. समोर बसून तासन्तास गप्पा मारणाऱ्या माणसाची फोन कानाला लावला की दातखीळ बसायची, एवढंच.

"अहो, त्या नंबरवर फोन नाही ना केलात?"

"नाही."

"आणि काही दाबलंत?"

"फुलीवर दाबलं. तर आणखी एक बाई आली."

ती हसली. तिचं हसू ऐकून त्याला कितीतरी दिवस झाले होते. "लॅपटॉप बंद करून ठेवा. रविवारी मला सुट्टी आहे, सगळं नीट बसवून देते."

रविवारी तिने फोनवरून आकडे सांगितले, त्याने ते टाइप केले, आणि ती तिकडे बसून त्याचा लॅपटॉप चालवू लागली. पडद्यावरचा बाण आपोआप सरकला तेव्हा तो स्टूल ओढून जवळ बसला. हात मांडीवर. काही शोधायचं असलं की ती बाण एकाच जागी गोल गोल फिरवायची. साखर विरघळून गेली तरी कपात चमचा फिरवत राहायची तिची खोड होती, तसाच.

"कसलासा फुकटचा प्रोग्रॅम घेतला होता का हो? त्याने विंडोजचा मूळचा अँटिव्हायरस बंद पाडलाय." तिने तो उपटून काढला, मूळचा चालू केला, साचलेले अपडेट बसवले. फायरवॉल तपासली. लाल पडद्याची बाई एका वेबसाइटला सूचना पाठवायला त्यानेच कधीतरी 'चालेल' म्हटल्यामुळे येत होती, तिलाही हाकललं. गिऱ्हाइकांच्या फोटोंच्या फोल्डरला वेगळं कुलूप लावलं आणि सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली.

"इतकं कशाला? एकच काय ते भारी घाल ना."

"एकच कधी ना कधी चुकतं. थर हवेत, आणि प्रत्येकाचं काम वेगळं हवं."

"म्हणजे पुढे काच, मग माउंटचा पुठ्ठा, मागे फळी, कडेने टेप."

"बघा, उगाच नाही लग्न केलं तुमच्याशी." मग म्हणाली, "आता शेवटचा थर. रोजच्या वापराला तुमचं साधं खातं. नवं काही बसवायचं झालं की लॅपटॉप पासवर्ड मागेल, आणि तो माझ्याकडे राहील. नाहीतर पुन्हा कुणीतरी बाई येईल."

"राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. बाण पडद्यावरून गेला, तरी तो बराच वेळ स्टुलावरून उठला नाही.

चार दिवसांनी त्याने फोन केला. नक्षीदार अक्षरांचा प्रोग्रॅम बसवायचा होता. तिने जोडून घेतलं, पासवर्ड टाकला, आणि ते होईस्तोवर दोघं बोलत बसले. पुढच्या आठवड्यात मापं काढायचा प्रोग्रॅम निघाला. मग फोटो उजळ करायचा. समोरच राहणारी त्याची ताई एकदा डोकावून म्हणाली, "काय रे, दुकानात खिळे कमी आणि प्रोग्रॅम जास्त झालेत," तेव्हा तो लगबगीने फ्रेम पुसायला लागला.

मग एकदा त्याने पत्त्यांच्या खेळाची परवानगी मागितली.

मग ती म्हणाली, "तुम्हाला पत्ते येत नाहीत."

"शिकेन म्हटलं."

"अहो."

तिच्या त्या 'अहो'पुढे त्याचं कधीच काही चाललं नव्हतं. तो काचेवरची बोटांची खूण रुमालाने घासत राहिला.

"मला करमत नाही," तो म्हणाला. "दुकानात गिऱ्हाईक असेपर्यंत बरं असतं. वर गेलो की घर खायला उठतं. तुझ्या कामात लुडबुड नको म्हणून बोललो नाही."

"एवढं सांगायला तुम्हाला चार प्रोग्रॅम लागले?" तिचा आवाज जड झाला होता. मग म्हणाली, "मीही एक गोष्ट दाबून ठेवलीय. साहेब म्हणतायत आणखी एक वर्ष थांबा. अजून उत्तर दिलेलं नाही. वाटलं, तुम्हाला जड जात नसेल. फोनवर तर कधी तसं जाणवलं नाही."

"जड जातं गं."

"हे आधी बोलायचं ना."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना नाही म्हणून कळवलं. पण ठरलेली मुदत पुरी करावीच लागणार होती, ती काही टळत नव्हती. पासवर्ड तिने त्याला देऊ केला. त्याने नको म्हटलं. मात्र त्यानंतर परवानगी मागायला त्याचा एकही फोन गेला नाही. कामाला बसला की तो तिला फोन लावून बाजूला ठेवायचा. ती आपलं काम करायची, तो आपलं. मधूनच तिचा कीबोर्ड वाजायचा, मधूनच त्याची करवत.

"काय चाललंय?" ती विचारायची.

"कुणाच्या तरी आजोबांचा फोटो आहे. फ्रेमला काळी पट्टी लावू का तपकिरी?"

"फोटोचा रंग कसा आहे?"

तो फोटो उजेडात धरायचा आणि सावकाश, जराही घाई न करता, तिला सांगत बसायचा.