संध्याचं सातवं प्रकरण

माझी बायको संध्या हिने शाळेतून निवृत्त झाल्यावर आपलं पहिलं पुस्तक लिहिलं. ते पूर्ण कसं झालं, त्याची ही गोष्ट. खरं तर ते दोनदा पूर्ण झालं.

आम्ही नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला राहतो. माझी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात झाली, तिची शाळेत मराठी शिकवण्यात. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका पूर्वीपासून तिच्याकडे एकच प्रश्न घेऊन यायच्या. 'बाई, हे देव सांगतोय की माझंच मन सांगतंय, ते ओळखायचं कसं?' कुणाला नोकरी सोडून सेवेला जायचं असायचं, कुणाला स्वप्न पडलेलं असायचं, कुणाच्या मुलीला आलेल्या स्थळावर 'प्रभूने होकार दिलाय' असं दुसरंच कुणीतरी सांगून गेलेलं असायचं. संध्या चहा टाकायची आणि ऐकत बसायची. उपदेश फार कमी करायची.

'यावर मराठीत साधं, आपल्या घरातलं वाटेल असं पुस्तक हवं,' असं ती नेहमी म्हणायची. ते कुणी लिहीना, तेव्हा तिने स्वतःच लिहायला घेतलं. नाव ठेवलं 'हाक कोणाची?' दुपारी जेवणं झाली की टेबल पुसून ती पाठकोऱ्या कागदांवर लिहायची. मी ते एका बोटाने संगणकावर उतरवून घ्यायचो. कुठे काही पटलं नाही तर मी टायपिंग थांबवून वाद घालायचो. बऱ्याच वेळा तीच बरोबर असायची.

त्यात सातवं प्रकरण माझं फार आवडतं होतं. ते शांतीवर होतं. 'हाक देवाची असेल तर मन निवतं. आतली घालमेल थांबते. ही शांती हीच त्या हाकेची खूण,' असं तिने लिहिलं होतं. ते टाइप करताना मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईच्या हातूनच असं वाक्य उतरतं, असं मला वाटलं.

शेवटचं प्रकरण लिहून झालं त्या दिवशी ती इतकी खुशीत होती की मला म्हणाली, "चला, आज स्वयंपाक नाही." आम्ही बिटको चौकात जाऊन डोसा खाल्ला. छपाईचं शालिमारजवळच्या मुस्तकीमभाईंशी ठरलं होतं. सोमवारी फाइल द्यायची होती. त्याआधी महिला मंडळातल्या सगळ्यांना वाचायला म्हणून मी सगळी प्रकरणं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली.

शनिवारी दुपारी मोहिनी आली.

मोहिनी आमच्या मंडळीत गाणी म्हणते. रविवारी तिने पहिला सूर लावला की मागच्या बाकांवरची कुजबुज आपोआप थांबते. ती एका शाळेत संगीत शिकवते. तिच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली होती, हे आम्हाला माहीत होतं. सुई घालून तपासणी झाली होती, त्यात कर्करोगाची शंका आली होती, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं.

ती दारातूनच म्हणाली, "बाई, तुमच्या सातव्या प्रकरणाने मला वाचवलं."

"अगं, बस तरी आधी," संध्या म्हणाली.

"मी ऑपरेशन रद्द केलं."

मी टीव्हीचा आवाज बंद केला. संध्या तिच्या शेजारी जाऊन बसली. मोहिनी भरभरून सांगत होती. मागच्या महिन्यात बाहेरगावचे एक उपदेशक आले होते, त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली होती आणि म्हणाले होते, 'मुली, भिऊ नकोस, प्रभू तुझा गळा जपणार आहे.' त्यानंतर तिच्या मनाची उलघाल चालू होती. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, की आवाजाची नस गाठीला लागूनच जाते, बहुतेक वेळा काही होत नाही, पण कधी कधी आवाज बदलतो. आणि मग संध्याचं प्रकरण तिच्या हाती आलं.

"मी ते वाचलं, बाई, आणि स्वतःला विचारलं, शांती कशात आहे? मग उत्तर मिळालंच. आता मी इतकी शांत झोपते!"

तिचा चेहरा खरंच उजळला होता. संध्याने तिला चहा दिला, घरच्यांची चौकशी केली, उद्या उपासनेनंतर तुझ्याकडे येते म्हणाली. मोहिनी गेल्यावर तिने सातव्या प्रकरणाचे कागद काढले आणि उभ्या उभ्या पुन्हा वाचले.

"अहो," ती म्हणाली, "तिने काहीच चुकीचं वाचलेलं नाही. मीच चुकीचं लिहिलंय."

मला ते पटलं नाही. गाठ कापून घे असं पुस्तकात नव्हतं, तसं कापून घेऊ नको असंही नव्हतं. पण मला त्या क्षणी पुस्तकापेक्षा मोहिनीची काळजी जास्त होती.

"हे बघ," मी म्हणालो, "उपाय सोपा आहे. उद्या तिला सांग, प्रार्थनेत प्रभूने तुला दाखवलं की ऑपरेशन कर. तुझा शब्द ती खाली पडू देणार नाही."

"पण त्याने मला तसं दाखवलेलं नाही."

"तिच्या जिवाचा प्रश्न आहे, संध्या!"

"म्हणूनच तर. माझं मत देवाच्या नावावर खपवायचं असेल तर हे पुस्तक लिहिलं कशाला? आज मी चांगल्यासाठी खपवेन, उद्या दुसरं कुणीतरी भलत्याच कामासाठी खपवेल. मोहिनीने त्यातला फरक कसा ओळखायचा?"

"आणि तिने ऐकलं नाही तर?"

संध्याला एवढं घाबरलेलं मी क्वचितच पाहिलं असेल. तरीही तिने फोन उचलून मुस्तकीमभाईंना सांगितलं की सोमवारी फाइल येणार नाही, कधी येईल ते आत्ता सांगता येत नाही. ते आधी जरा वैतागले. मग म्हणाले, "ठीक आहे मॅडम, लग्नपत्रिकांचा सीझनच आहे, मी त्या आधी घेतो."

रविवारी आम्ही दोघं देवळाली गावात मोहिनीच्या घरी गेलो. दार तिच्या नवऱ्याने, रविराजने उघडलं. तो दाढी न केलेला, ओढलेला दिसत होता. बायकोच्या विश्वासापुढे बोलायचं कसं, या पेचात तो अडकला असावा. आम्हाला पाहून त्याला जरा हायसं वाटलं.

संध्याने सुरुवातच सरळ केली. "मोहिनी, मी आधी सांगून टाकते. मला वाटतं, तू ऑपरेशन करावंस. पण हे माझं मत आहे. देवाचा निरोप घेऊन मी आलेली नाही."

मोहिनीचा चेहरा उतरला. "मग तुमचं प्रकरण?"

"ते मी मागे घेतलंय. अपुरं आहे ते. ते नीट करायला मला तुझी मदत हवीय. दोन-चार गोष्टी विचारू?"

मोहिनीने मान हलवली.

"ते उपदेशक ऑपरेशन करू नकोस असं म्हणाले?"

"नाही. प्रभू गळा जपेल, असं म्हणाले. पण अर्थ तोच ना?"

"तो अर्थ त्यांनी सांगितला की तू लावलास?"

"मी लावला," मोहिनी म्हणाली.

"बरं. आणि ही शांती कधी आली? त्यांनी प्रार्थना केली तेव्हा?"

"नाही. तेव्हा तर खूप रडू आलं." ती आठवत होती. "आली ती... दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली ना, तेव्हा. फोन ठेवला आणि छातीवरून दगड उतरल्यासारखं वाटलं."

मला काहीतरी बोलायचं होतं, पण संध्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. शाळेत एखाद्या मुलाला उत्तर सुचत असताना ती अशीच थांबत असणार. रविराज स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तोही हलला नाही.

शेवटी मोहिनीच म्हणाली, "बाई, ही शांती होती की नुसतीच सुटका?"

"ते मी कसं सांगू?" संध्या हळूच म्हणाली. "तूच बघ. असं समज की तू परत तारीख घेतलीस. आता काय वाटतं?"

"भीती."

"कशाची?"

"आवाज जाईल याची. बाई, मला दुसरं काही येतच नाही हो. गाणं गेलं तर मी देवापुढे घेऊन काय उभी राहू?"

"आणि गाठीचं काय वाटतं?"

"तिचा मी विचारच करत नव्हते," मोहिनी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. रविराज येऊन तिच्याजवळ बसला.

संध्याने डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली. "प्रभू, हिला खरं काय ते दिसू दे. मलाही दिसू दे." बस, एवढीच. ऑपरेशनचं नावही तिने त्यात घेतलं नाही. आम्ही निघालो तेव्हा मोहिनी ना हो म्हणाली, ना नाही. परतताना रिक्षात मी चिडूनच होतो. इतकं जवळ आलेलं असताना एक धक्का द्यायला काय हरकत होती, असं मी म्हणालो. संध्या म्हणाली, "धक्क्याने गेली, तर उद्या दुसऱ्याच्या धक्क्याने परत येईल." आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. रिक्षाला खिडकी नसते, पण ती तशी बघत राहिली.

ते दोन-तीन दिवस घरात जेवण कुणालाच गेलं नाही. मग रविराजचा फोन आला. मोहिनीने स्वतः दवाखान्यात फोन करून तारीख घेतली होती. भीती आहे म्हणाली, पण भीती घेऊनच जाते.

मुंबई नाक्याजवळच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठ कर्करोगाचीच निघाली, पण अजून पसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. पुढचे उपचार सुरू झाले. आवाज मात्र बसला. मोहिनी कित्येक आठवडे कुजबुजल्यासारखी बोलायची. संध्या मंडळात तिच्यासाठी प्रार्थना मागायची आणि घरी येऊन सातव्या प्रकरणाला भिडायची.

ते प्रकरण तिने किती वेळा लिहिलं ते मी मोजलं नाही. माझं आवडतं वाक्य तिने पहिल्याच दिवशी काढून टाकलं. मी म्हणालो, "इतकं सुंदर वाक्य आहे, थोडं बदलून ठेव." ती म्हणाली, "सुंदर आहे म्हणूनच तर ते तिला खरं वाटलं." नव्या प्रकरणात तिने लिहिलं की शांती आणि सुटका आतून सारख्याच वाटू शकतात. म्हणून शांती आली की घाई करू नये. ती कोणत्या क्षणी आली ते पाहावं, तिने आपल्याला कशापासून सोडवलं ते पाहावं, आणि आपल्यावर प्रेम करणाऱ्या पण आपल्याशी सहमत नसलेल्या माणसाला एकदा तरी विचारावं. भीती वाटते म्हणजे देव नाही, असं समजू नये. हे सगळं लिहिताना पुस्तक पूर्ण झाल्याच्या दिवशी तिला स्वतःला किती हलकं वाटलं होतं, तेही तिने त्यात घातलं. मी ते टाइप करताना थांबलो. "हे कशाला?" मी विचारलं. "कारण ते खरं आहे," ती म्हणाली. "मलाही शांतीच वाटली होती."

मोहिनीचं नाव न घेता तिची हकीकत त्यात होती. म्हणून ते छापण्याआधी संध्या कागद घेऊन तिच्याकडे गेली आणि वाचून दाखवलं. मोहिनी डोळे मिटून ऐकत होती. एका ठिकाणी तिने हात वर केला.

"इथे 'भित्रं मन' असं आहे," ती त्या बसक्या आवाजात म्हणाली. "ते काढा, बाई. मी भित्री नव्हते. मला गायचं होतं."

संध्याने पेन काढलं आणि तिथेच ते शब्द खोडले. त्या जागी लिहिलं, 'ज्याचं एखाद्या गोष्टीवर फार प्रेम आहे असं मन.' मोहिनीने ते वाचलं आणि मान डोलावली. मला वाटतं, पुस्तक खऱ्या अर्थाने पूर्ण झालं ते तेव्हा.

पुस्तक छापून आलं. मोहिनीचा आवाज परत आला, पण पूर्वीसारखा नाही. तो खाली उतरलाय, थोडा खरखरीतही झालाय. गाणी ती आता खालच्या पट्टीत म्हणते. काही जण हळहळतात. ती हळहळत नाही असं नाही, पण गाते.

महिला मंडळात पुस्तकाचं सामूहिक वाचन सुरू झालं. मीही मागे जाऊन बसतो. मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ विमलाबाईंनी सातवं प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि ठणकावून सांगितलं, "संध्या, मला हे पटलेलं नाही. मला आयुष्यात दोनदा अशी शांती मिळालीय की तिला प्रश्न विचारणं म्हणजे पाप झालं असतं."

सगळ्या बायका संध्याकडे बघू लागल्या. तिने आपली खुर्ची ओढून विमलाबाईंच्या समोर आणली.

"मग सांगा ना," ती म्हणाली. "पहिल्यांदा कधी मिळाली?"