उमेरचं पोट

अली कुवेतमध्ये हृदयविकारानं वारला, तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता. हातपाय काडीसारखे, पोट मात्र गरगरीत. त्याचा धाकटा भाऊ उमेर अगदी तसाच. मांडवीतल्या घरी आरशासमोर उभा राहिला की त्याला अलीच दिसायचा. त्यातच डॉक्टर योगिनींच्या तपासणीत उमेरची साखर काठावर निघाली, यकृतात चरबी निघाली.

भीतीनं उमेरनं जेवण तोडलं. कोरा चहा आणि अर्धी भाकरी. वजन भराभर उतरलं, तसा त्याला धीर आला.

एकदा तो अम्मीला, रहिमाला, होडीतून पलीकडच्या गावी नातलगांकडे घेऊन गेला. परतताना धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवर अम्मीचा पाय सटकला. उमेरनं तिचं मनगट धरलं, पण तिला वर ओढायला हातांत जोरच नव्हता. खाली पाणी हेलकावत होतं.

"सोडू नको रे!" अम्मी ओरडली.

बोटं निसटायला लागली, तेवढ्यात बाबल्या खलाशानं तिला दंडाला धरून वर घेतलं. उमेर पायरीवरच बसला.

डॉक्टर योगिनींनी पुन्हा तपासलं. "वजन गेलं, पण त्यात मांस बरंच गेलंय. पोटातली चरबी आहेच."

"म्हणजे मीही भावासारखा जाणार?"

"तसं कुणी सांगू शकत नाही. उपास सोडा. मासे, अंडी, डाळ खा, भात बेतानं. आणि रोज थोडं वजन उचला, हळूहळू वाढवत."

खाण्याचीच आता धास्ती वाटे. ताटात बांगडा आला की तो अर्धाच खाऊन ताट सारायचा. अंगणात पाण्याचे कॅन उचलताना छाती धडधडली की तो कॅन टाकून मटकन बसे. बायको महरीन मनगट धरून शेजारी बसायची. "उतरतंय बघा," म्हणायची. धडधड खरंच उतरायची. मग तो परत कॅन धरायचा.

काही महिन्यांनी काट्यावर वजन वाढलेलं दिसलं आणि तो पांढराफटक पडला. डॉक्टरांनी कमरेला टेप लावली. कंबर चांगलीच उतरली होती; वाढलं होतं ते मांस. साखरही खाली आली होती.

"असंच चालू ठेवा. सहा महिन्यांनी या."

दवाखान्याबाहेर तो थबकला. सहा महिने त्याला फार लांब वाटले.

"भीती वाटते?" महरीननं विचारलं.

"वाटतेच."

"मग रिक्षा नको. चालत जाऊ या."

ती निघाली. तो तिच्या मागोमाग चालू लागला.