आणखी एक गोळी

वहिनीच्या हातून कात्री पडली, तोंड एका बाजूला ओघळलं, तरी मालकीणबाईंनी तिला डॉक्टरकडे नेलं नाही. ड्रॉवरमधून अर्धशिशीची गोळी काढली आणि म्हणाल्या, "ही घे नि जरा बस. वाटेल बरं."

वहिनी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करायची. दिवसभर डोळ्यांवर ट्यूबलाइट, शेजारी वाफेची इस्त्री. तिचं डोकं उठायचं. डॉक्टरांनी गोळी दिली होती, पण फारच असह्य झालं तर घ्यायला. माझा दादा मात्र दुकानातून चिठ्ठीशिवाय पाकिटंच्या पाकिटं आणायचा. डोकं बांधून पडलेली बायको त्याला खपत नसे. ती ओकत असली तरी "गोळी घे नि ऊठ," एवढंच. कारखान्यात संपली तर मालकीणबाईंचा ड्रॉवर होताच. "हिची कधी रजा नसते!" असं त्या वर कौतुकानं सांगायच्या.

त्या दिवशी शेवटी सोबतच्या बायकांनीच गाडी करून तिला दवाखान्यात नेलं.

"मेंदूला रक्त पोचलं नाही," डॉक्टर म्हणाले. "ही गोळी रक्तवाहिन्या आवळते. आठवड्यातून एखाद-दोनदा ठीक, पण या रोज खात होत्या. त्यात ब्लडप्रेशर वाढलेलं. अति झाली की डोकंही या गोळीनंच दुखतं."

"पण औषधच होतं ना ते?" दादा पुटपुटला.

दोन-तीन दिवसांनी मालकीणबाई फळं घेऊन आल्या. "ऑर्डर अडकलीय हो. साधारण कधीपर्यंत येईल ही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिचं तोंड वाकडं झालेलं दिसलं नाही तुम्हाला? वरून गोळी दिलीत?"

"तीच मागायची. मी काय जबरदस्ती केली?"

दादा माझ्यावरच डाफरला, "हळू बोल! नोकरी जाईल तिची."

"नोकरी? अरे, हात गेलाय तिचा!"

तेवढ्यात वहिनीनं डाव्या हातानं खाटेची कड बडवली. जीभ वळत नव्हती. "बा... बाहेर." मालकीणबाई पर्स उचलून उठल्या. वहिनीचं बोट दादाकडे वळलं. जन्मभर त्याला अहो-जाहो करणारी ती म्हणाली, "तू पण."

दवाखान्यातून तिला मी माझ्याकडेच आणलं. बोलणं बरंचसं परत आलंय, पण उजव्या हातात कात्री धरवत नाही. डोकं दुखलं की ती पडदे ओढून हवा तितका वेळ पडून राहते. कोणी उठवत नाही.

परवा दादा न्यायला आला होता. तिनं दारातच विचारलं, "मी ओकत होते, तेव्हा काय म्हणाला होतास?"

"मला काय माहीत गं, असं होईल!"

वहिनीनं दार लावायला घेतलं. डाव्या हातानं कडी बसेना. खटपट बाहेर ऐकू जात होती. मी मदतीला गेले नाही, तिनं मला नजरेनंच थांबवलं होतं. कडी बसली. जरा वेळानं जिन्यावरून दादाची पावलं उतरत गेली.

"जेवायला वाढ," वहिनी म्हणाली. तिचा राग अजून गेलेला नाही. माझाही नाही.